साडेसात डोकी

खलील सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मी किनवटकडची वसतिगृहाची नोकरी सोडून लातूरच्या शाळेत मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत शिरताना मला वाकावं लागलं, कारण दाराची चौकट नेमकी माझ्या कपाळाशी येत होती. समोरच्या बाकावर एक इवलासा माणूस बसला होता. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं हातातली पेन्सिल ताठ हातानं माझ्यावर रोखली, एक डोळा मिटला, पेन्सिलीवरून अंगठा खाली-खाली सरकवत तोंडातल्या तोंडात काही मोजलं आणि एकदम बाकावरून उडीच मारली.

"आठ! आरं बाबो, आठ डोकी! हेडमास्तर, बाहेर या, आठ डोक्यांचा माणूस आलाय आपल्या शाळंत!"

हेडमास्तर बाहेर आले नाहीत. त्यांना सवय होती. चपराशानं मला पाण्याचा पेला देत हळूच सांगितलं, "घाबरू नका सर, चित्रकलेचे मास्तर हायत."

मग पुढची जवळजवळ तीन दशकं हा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. त्या पहिल्या दिवशीच त्यानं मला डोक्यांचं शास्त्र समजावलं. चित्रात माणूस काढायचा तर आधी त्याचं डोकं काढायचं, आणि मग त्याच डोक्याच्या मापानं खाली यायचं. हनुवटीपासून छातीपर्यंत एक डोकं, छातीपासून बेंबीपर्यंत एक. साधारण चांगला वाढलेला माणूस साडेसात डोक्यांचा भरतो. तान्हं मूल चार डोक्यांचं. राजे-महाराजे आणि देव काढायचे तर आठ, कारण भक्तांनी मान वर करून पाहायला हवं. हाताचा पंजा चेहऱ्याएवढा, दोन्ही हात पसरले की उंचीएवढे. हे सांगताना ते स्वतःचे हात पसरून खोलीभर फिरले आणि शाईची दौत पाडली.

"आणि तुम्ही स्वतः किती, सर?" मी विचारलं.

"मी?" ते खुशीत हसले. "मी सव्वासहा. अल्लामियाँनं डोकं बनवलं आणि म्हणाला, आता कागद संपत आलाय."

आम्ही दोघं शाळेच्या फाटकातून सोबत निघालो की पोरं म्हणायची, "दीड आले." एक मी आणि अर्धे ते. मला राग यायचा. खलील सरांना मात्र हा हिशेब पसंत होता. ते म्हणायचे, "गायकवाड सर, अपूर्णांक हाय म्हणून तर पोरांच्या ध्यानात ऱ्हातो."

त्यांचं घराणं गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतलं, निजामाच्या काळापासून रंगकाम करणारं. आजोबांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, वडिलांनी सिनेमाची मोठाली चित्रं केली, आणि खलील सर शिकून मास्तर झाले तरी संध्याकाळी हातात ब्रश असायचाच. उत्साह तर असा की त्यांच्यासोबत चहा प्यायला गेलं तर चहा थंड व्हायचा. समोरून हमाल जाताना दिसला की हे उठून त्याच्या मागे, "भाऊ, जरा थांब, तुझा खांदा बघू दे, काय खांदा हाय तुझा!" बरेच लोक हसायचे, एखादा शिव्या द्यायचा. सरांना दोन्हीचा आनंद सारखाच व्हायचा.

आणि मग लातूरला क्लासचं पीक आलं. गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं निघाल्या, मेसचे डबे सायकलींना लटकले, डाळ मिलच्या भिंतींवरसुद्धा डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या जाहिराती लागल्या. फ्लेक्स यायच्या आधीची ती गोष्ट. गुणवंतांचे चेहरे हातानं रंगवायला खलील सरांकडे रांग लागायची. एका मोठ्या क्लासचे संचालक आले. त्यांना चौकात स्वतःचं संपूर्ण उभं चित्र हवं होतं. हे गृहस्थ उंचीनं खलील सरांच्याच पंथातले. चित्र तयार झालं, हुबेहूब झालं, आणि तिथंच घोटाळा झाला.

संचालक म्हणाले, "सर, यात मी जरा बुटका दिसून राहिलो."

"जरा न्हाई, तुमी हावच," खलील सर निरागसपणे म्हणाले. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"उंची वाढवून द्या थोडी."

"देतो की! आत्ता देतो! पण एक हाय. चौकटीची जागा तेवढीच. उंची वाढवायची तर डोकं लहान करावं लागंल."

संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्यांचं सगळं दुकानच डोक्यावर चालतं, त्यांनी भर चौकात लहान डोकं कसं लावावं? दोन दिवस विचार करून त्यांनी निरोप पाठवला की खुर्चीत बसलेलं चित्र काढा. पुढं कितीतरी दिवस शाळेत कुणी फुशारकी मारायला लागलं की आम्ही त्याला विचारायचो, "काय, डोकं लहान करायचंय का?"

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण त्यांच्या त्या मोजण्यापुढे मी एकदा हात जोडले आहेत, तेही सांगायला हवं. भूकंपानंतरचे ते आठवडे. शाळा बंद होती. गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली होती, आणि ढिगाऱ्यात माणसांबरोबर त्यांचे फोटोही गेले होते. कुणीतरी एका माणसाला सांगितलं की लातुरात एक मास्तर ऐकून चित्र काढतो. तो आला, त्याच्यामागून दुसरे आले. खलील सरांच्या ओसरीवर माणसं बसून राहायची. मी पाणी द्यायला आणि नावं विचारायला जायचो.

"किती उंच होत्या?" सर विचारायचे. आकड्यात कुणालाच सांगता यायचं नाही. बायकोची उंची फुटात कोण मोजून ठेवतं? समोरचा माणूस उठून उभा राहायचा आणि स्वतःच्या अंगावर हात लावून दाखवायचा. "इथवर. माझ्या ह्या खांद्याला तिचं डोकं लागायचं." एक म्हातारी म्हणाली, "नातू माझ्या कमरंला मिठी मारायचा, तर त्याचं नाक इथं यायचं," आणि तिनं लुगड्याच्या ओच्याला हात लावला. सर त्या माणसाला उभं करून आधी त्याला मोजत, मग त्याच्यावरून त्या गेलेल्या माणसाला मोजत, आणि चित्र पुरं होईस्तोवर तोंडातून शब्द काढत नसत. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नाही असा तो माणूस. लोक कागद छातीशी धरून निघून जायचे. मी तेव्हा रडलो, सरही रडले, आणि रडताना म्हणाले, "गायकवाड सर, माणूस लांबीत न्हाई हो मोजत कुणी. आपल्या अंगावर मोजतंय."

त्याच दिवसांत ते सरकारी दवाखान्यात एका ओळखीच्या माणसाला भेटायला गेले आणि तिथून धावतच माझ्या घरी आले. त्या माणसाचा पाय चेंगरून आखूड झाला होता. मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या होत्या, हाड कापून त्यात फट ठेवली होती, आणि कड्यांचे नट रोज थोडे-थोडे फिरवून ते पाय लांब करत होते. "फटीत हाड उगवतंय, सर! शेतात उगवल्यागत! माणसाचा पाय वाढतोय!" त्यांनी त्या कड्यांचं चित्र काढून शिक्षकांच्या खोलीत लावलं. आम्हाला ते पाहून डबा खाववेना, म्हणून हेडमास्तरांनी ते उतरवलं.

त्यानंतर काही वर्षांनी खलील सरांना मुलगी झाली. शाहीन. उशिरा झालेली, एकुलती एक, बापाच्या अंगकाठीची आणि आईच्या जिद्दीची. मेहरुन्निसाभाभी शांत बाई, पण एकदा 'नक्को' म्हणाल्या की गोलाईत कर्फ्यू लागल्यागत व्हायचं. शाहीननं तो 'नक्को' उचलला होता. ती वाऱ्यासारखी पळायची. शाळेच्या शर्यतीत तिच्यासमोर लांब पायांच्या मुली दमून बसायच्या. बारावी झाली आणि सगळं लातूर डॉक्टर व्हायला धावत असताना ही म्हणाली, मला पोलिसात जायचंय. तोवर भरतीच्या अकादम्यांचंही पेव फुटलं होतं. पहाटे मैदानावर पोरापोरींच्या झुंडी पळायच्या, त्यात ही पुढं.

पहिल्या वर्षी ती परभणीच्या भरतीला गेली. एसटीला जागा नाही, उभ्यानं प्रवास, उन्हात रांग, दुपारी नंबर लागला. मोजपट्टीखाली उभी राहिली आणि अर्ध्या बोटानं बाद झाली. धावायची पाळीच आली नाही. घरी येऊन तिनं बूट कोपऱ्यात फेकले आणि बापाला म्हणाली, "तुमचंच माप घेऊन जन्मले मी."

आयुष्यभर दीड म्हणवून घेऊन हसणाऱ्या माणसाला हे एक वाक्य लागलं. दोन-तीन दिवस त्यांनी शाळेत कुणाला मोजलं नाही. चौथ्या दिवशी आले ते फोन नाचवतच. कुणा विद्यार्थ्यानं त्यांना व्हिडिओ दाखवला होता. आता म्हणे चांगल्या धडधाकट पायांचीही उंची वाढवतात. मोठ्या शहरांत, परदेशात, हौसेनं. कड्यासुद्धा बाहेरून दिसत नाहीत, हाडाच्या आत सळी घालतात आणि ती आतल्या आत सरकते.

"गायकवाड सर, त्या भूकंपाच्या माणसाचा पाय वाढला, मग माझ्या लेकीचा का न्हाई वाढणार? वाढंल की! दोन्ही वाढतील!"

त्यांचा आनंद पाहून मलाही चेव चढला. मी स्वतःच नांदेडच्या एका हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे, शांत आणि स्पष्ट बोलणारे. आम्ही तिघं गेलो. शाहीन खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि खलील सर तर बसलेच नव्हते.

"किती वाढवायची आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागतंय अर्धंच बोट," सर म्हणाले. "पण मांडव घातलाच हाय तर दोन लग्नं उरकून घ्यावीत. तीन इंच करून टाका!"

डॉक्टर हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. आपण हे करत नाही, करणारे आहेत. हाड कापावं लागतं, दोन्ही पायांचं. रोज अगदी थोडं ताणायचं. दुखतं, खूप दुखतं. हाड भरायला महिनोन् महिने जातात, स्नायू मागं पडतात, सांधे आखडतात. जंतुसंसर्ग झाला तर वेगळंच. चालता येईल, बहुतेक चांगलं येईल. पण पूर्वीसारखं पळता येईल असं वचन कुणी देणार नाही. आणि भरतीतले डॉक्टर पायांवरचे व्रण पाहतील, ते काय म्हणतील ते तेच जाणोत.

"आणि हात वाढणार नाहीत," डॉक्टर शेवटी सहज म्हणाले. "पाय तेवढे वाढतील. बाकी अंग आहे तेच."

मी खलील सरांकडे पाहिलं. शाळेतल्या कुठल्याही पोरानं पाय लांब आणि हात आखूड काढला की ज्याचा आवाज पटांगणापर्यंत जायचा, तो माणूस तोंड उघडं ठेवून उभा होता. ही गोष्ट त्यांना डॉक्टरांनी सांगावी लागली. लेकीच्या मायेत माणूस स्वतःचं शास्त्र कसं विसरतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

परतीच्या एसटीत शाहीन खिडकीशी बसली होती. "मी करणार," ती म्हणाली. "दुखलं तर दुखलं." अहमदपूर गेलं तरी सर तिच्या बुटांकडेच बघत होते. लातूर आल्यावर म्हणाले, "उद्या सांजच्याला घरी या, सर."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांनी कापडदुकानातले खाकी कागद खळीनं जोडून आतल्या खोलीची भिंत भरून टाकली होती. शाहीनला भिंतीला टेकवून उभं केलं होतं आणि तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत कोळशानं रेघ काढणं चालू होतं. ती बाजूला झाली. भिंतीवर शाहीन उभी होती, अगदी तिच्या उंचीची. तिच्या शेजारी सरांनी दुसरी शाहीन काढली, दोन इंच वाढवलेली. तिच्या शेजारी तिसरी, तीन इंचांची. घामानं निथळत होते, पण हात थांबत नव्हता. हा माणूस काहीतरी ठरवत होता आणि ते चित्राशिवाय त्याला ठरवता येत नव्हतं.

भाभी चहा घेऊन आल्या. ट्रे तसाच माझ्या हातात दिला. पहिल्या चित्राजवळ जाऊन उभ्या राहिल्या. चित्रातलं डोकं त्यांच्या कानाशी आलं. त्यांनी त्या कागदी केसांवरून हात फिरवला.

"ये मेरी," त्या म्हणाल्या. मग पुढच्या दोघींकडे बोट केलं. "ये दोनों किनकी बेटियाँ हैं जी?"

शाहीन पुढं आली. "मेरेकू तिसरी होना," ती म्हणाली. मान ताठ होती.

"हिचे हात बघ," सर म्हणाले.

"हातानं काय करायचंय? मोजपट्टी हात बघत नाही, अब्बा."

"बरं, हात सोड. मी सकाळपासून कागद खराब करून राहिलो. हिला पळताना काढायचं बघतोय." त्यांनी कोपऱ्यात चुरगाळून टाकलेल्या कागदांचा ढीग दाखवला. "पहिलीला काढली. एका दमात निघाली. ही तिसरी पळत न्हाई. मला काढताच येईना हिला पळताना. मग मी तुझे पाय कसे कापू देऊ, बेटा?"

"तुम्ही चित्रं काढा," शाहीन म्हणाली. "पाय माझे आहेत."

"हौ. पाय तुझेच हायत," सर म्हणाले. "तू हौ म्हणलीस तर मी तुला घेऊन जाईन, नक्को म्हणणार न्हाई. पण मला काय दिसतंय ते तुला सांगितलं." एवढं बोलून ते मटकन खाली बसले. चहा निवून गेला होता, तोच पिऊन मी घरी आलो.

सकाळी मी दात घासत होतो तर दारात खलील सर. पायांत चप्पल नाही, लुंगी खोचलेली, डोळ्यांत दिवाळी.

"सर! वाढली! शाहीन वाढली!"

मला वाटलं, काळजीनं यांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण झालं होतं ते असं. उठल्या-उठल्या शाहीन रागानंच त्या कागदांपाशी गेली, तिसऱ्या चित्राला आपण किती कमी पडतो ते पाहायला. जाता-जाता पहिल्या चित्रापाशी तिची पाठ टेकली, आणि सरांना दिसलं की तिचं डोकं रेघेच्या वर गेलंय. चांगलं बोटभर. रेघ संध्याकाळची होती आणि पोर सकाळची. दिवसभर उभं राहून मणके दबतात, झोपून उठलं की माणूस थोडा लांब होतो. सरांनी भाभींना उभं केलं, स्वतः उभे राहिले, शेजारच्या टेंपोवाल्या रहीमला झोपेतून उठवून उभं केलं.

"सगळे वाढलेत, सर! अख्खी गल्ली वाढलीय!"

हा शोध घेऊन ते अकादमीत गेले. तिथल्या पोरांनी शांतपणे सांगितलं, "सर, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगत्यात. आमचे सीनिअर मापाला आडवे पडूनच जातेत." मुलींच्या बॅचला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं. सरांना आपला शोध जुना निघाल्याचं दुःख अजिबात झालं नाही. त्यांनी लेकीशी करार केला. पुढची भरती नांदेडला होती. तिथं अल्लानं दिलेल्या पायांवर एकदा जायचं. बाद झाली तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तयारी, आणि खलील सर एका शब्दानं अडवणार नाहीत. शाहीन हौ म्हणाली. आता सगळं त्या बोटभर उंचीवर येऊन ठेपलं होतं.

दुसरा कुणी असता तर मुलीला आदल्या दिवशी नांदेडला नेऊन नातेवाइकांकडे झोपवलं असतं. खलील सर म्हणाले, नक्को, तिथून मैदानापर्यंत रिक्षात बसंल, तेवढ्यात दबंल. त्यांनी रहीमचा डाळीचा टेंपो घेतला, मागं दोन गाद्या अंथरल्या आणि पहाटे गल्लीतल्या चार बायांनी झोपलेल्या शाहीनला गादीसकट उचलून आत ठेवलं. उशाशी सर छत्री धरून बसले. मी पुढं रहीमजवळ.

"हळू, रहीम! खड्डा आला की सांग! एक खड्डा म्हणजे एक केस!"

नांदेडच्या रस्त्यावर खड्डे टाळायचे म्हणजे रस्ताच टाळावा लागतो. लोह्याला चहासाठी थांबलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. टेंपोत पांघरूण घेऊन आडवी मुलगी, उशाशी डोळे तारवटलेला बाप, वर काळी छत्री. टपरीवरच्या माणसांनी चहाचे पेले खाली ठेवले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि जवळ येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "कवा झालं, बाबा?"

शाहीननं पांघरूण बाजूला केलं. "आजोबा, मी बरी हाय!"

म्हातारा दोन पावलं मागं उडाला. आणि खलील सर ओरडले, "मान वर करू नको! मान वर करू नको म्हणलं ना!"

मैदानाच्या फाटकाशी शेकडो मुली रांगेत उभ्या होत्या. सरांनी फुटपाथवर गादी टाकली आणि शाहीनला रांगेतच आडवं केलं. बंदोबस्ताचा हवालदार काठी आपटत आला. "ओ चाचा, इथं काय झोपायला आलाव का?" सरांनी त्याला मणक्यांचं सगळं शास्त्र हातवारे करून समजावलं. त्याला किती कळलं ठाऊक नाही, पण मागच्या-पुढच्या पोरींना लगेच कळलं. एकीनं ओढणी अंथरली, दुसरीनं बॅग उशाला घेतली, आणि बघता-बघता अर्धी रांग फुटपाथवर आडवी झाली. हवालदार परत वळून पाहतो तर त्याच्या रांगेचा बाजार उठलेला. त्यानं कपाळाला हात लावला आणि पोट धरून हसत सुटला.

मापाच्या तंबूत आम्हाला जाता येत नव्हतं. शाहीन आत गेली तेव्हा सरांनी माझा हात धरला. ते काही मोजत नव्हते, डोळे घट्ट मिटून उभे होते. मीही माझ्या आयुष्यात कुणाच्या एका बोटासाठी इतका जीव मुठीत धरून उभा राहिलो नव्हतो. तंबूच्या पलीकडच्या तोंडातून छातीवर नंबर लावलेली शाहीन बाहेर आली, दोन्ही हात वर करून. बसली होती! केसाएवढी का होईना, पण मापात बसली होती. सरांनी मला कमरेला कवळ घातली आणि मी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण माझे गुडघे म्हणाले, मास्तर, वय बघा.

आता पळायचं होतं. कुंपणाला माणसांची भिंत झाली होती, प्रत्येकाची लेक, बहीण आत. मला सगळं दिसत होतं. माझ्या शेजारी खलील सर टाचा उंचावून, उड्या मारून, माणसांच्या काखेखालून डोकं घालून पाहत होते आणि त्यांना फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. शिट्टी वाजली. "काय झालं? निघाल्या का? सर, सांगा ना, निघाल्या का?" ते रडकुंडीला आले होते.

आमच्यापुढं एक आडदांड माणूस उभा होता. धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करतो म्हणाला, त्याचीही लेक त्याच तुकडीत पळत होती. त्यानं मागं वळून खाली पाहिलं, काही विचारलं नाही, खलील सरांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून सरळ आपल्या खांद्यावर बसवलं.

"पोत्याहून हलके हाव की, मास्तर! सांगा आता, माझ्या डोळ्याला लांबचं दिसत न्हाई. लाल रिबिनीची माझी हाय."

आणि खलील सर सांगू लागले. काय सांगू लागले म्हणता! अख्ख्या कुंपणानं माना वर करून ऐकलं. "लाल रिबीन चौथी! चौथी हाय, भाऊ, आता तिसरी! माझी पुढं हाय! आरं वाऽ, वळणावर बघा, पाय बघा तिचे, जमिनीला लागतच न्हाईत! पळ, शाहीन! लाल रिबीन, तू बी पळ! सर, दिसतात का तुम्हाला, तेच पाय हायत! तेच!" त्या हमालाच्या डोक्याचे केस दोन्ही मुठींत धरून ते ओरडत होते, आणि तो खालून विचारत होता, "आता कितवी? आता कितवी?"

शाहीन पहिली आली, लाल रिबीन तिसरी. पुढं लेखी झाली, ती वर्दीत आली, ते सगळं यथासांग झालं. मी त्याच वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे नांदेडला राहायला आलो. फोनवर बोलणं व्हायचं. एका उन्हाळ्यात खलील सर अचानक गेले. मी आजारी होतो, मला जाता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी ते त्या मैदानावरच आहेत.

शर्यत संपली, गर्दी पांगली, हमालानं विचारलं, "मास्तर, उतरवू का आता?"

"थांबा वो जरा," सर म्हणाले. घामेजलेला चेहरा, उन्हात किलकिले केलेले डोळे. दूर मैदानाच्या टोकाला शाहीन गुडघ्यांवर हात टेकून दम खात होती. "थांबा. मी इथून कधी पाहिलंच न्हाई काही. लई छान दिसून राहिलं."

हमाल हसला आणि तसाच उभा राहिला.